बादशाची जमीन

मांजर पाळायला काही लागत नाही असं आपण म्हणतो, कारण आपल्या लहानपणी मांजराची निम्मी जबाबदारी जमिनीवर असायची. दूधभाकरी आणि मटणाचा तुकडा घरातून, बाकीचं सगळं परसात. मांजर कुठं जातं, कधी जातं, वर माती ओढतं की नाही, याची चौकशी कुणी करत नसे. कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घरामागं एक नळ, एक कढीपत्त्याचं झाड आणि चुलीच्या राखेचा ढीग एवढंच होतं. तेवढ्यावर मांजरांच्या कितीतरी पिढ्या सुखानं नांदल्या.

मागच्या वर्षी ते घर पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. सोबत बादशा, आमचा तीन वर्षांचा केशरी बोका. फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास, लिफ्ट आहे, उजेड छान आहे. फक्त माती नाही. पहिल्या दिवशी बादशानं सगळ्या खोल्या हुंगून काढल्या, बाथरूमची फरशी पंजानं खरवडून पाहिली आणि माझ्याकडं बघत बसला. अम्मीनं एका वाक्यात निदान केलं, "उसकू मिट्टी होना रे बाबा." आमच्या दखनीत 'होना' म्हणजे हवं असणं. त्याला माती हवी होती.

माती आणणं ही काय मोठी गोष्ट? पण आमच्या घरात ती मोठी झाली, आणि त्याला तीन कारणं होती. पहिलं कारण अब्बा. त्यांची पस्तीस वर्षं फौंड्रीत मोल्डिंगमध्ये गेली. वाळूच्या धुळीनं फुप्फुसं थकलेली, पंप उशाशी असतो, आणि डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितलेली. दुसरं कारण अम्मीची जानमाज. दोन खोल्यांच्या घरात नमाजची जागा आणि बोक्याची जागा यांत फार तर दहा पावलांचं अंतर. तिसरं कारण धाकटी बहीण. ती पहिल्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांनी माहेरी येणार होती.

त्यामुळं येणारा जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देत होता : सोडून या. मटण मार्केटजवळ सोडा, तिथं खाऊनपिऊन मजेत राहील. अशा प्रकारे सोडलेल्या घरातल्या मांजराचं काय होतं, हे मार्केटच्या मागच्या बाजूला कुणीही बघून यावं. घरात वाढलेल्या बोक्याला ना कुत्र्यांपासून पळायची सवय, ना दुसऱ्या बोक्यांशी भांडायची. अब्बा काही बोलले नाहीत, पण रात्री बादशा त्यांच्या पायाशीच झोपत होता. म्हणून मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. तेवढ्यात या चौघांना चालेल अशी माती शोधायची होती. चौथा अर्थात बादशा.

मांजराला माती का लागते, हे आधी समजून घेतलं तर निवड सोपी जाते. आपलं घरगुती मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराचा वंशज आहे. पाणी कमी, म्हणून मूत्रपिंडं अशी बनलेली की थोडक्या पाण्यात शरीरातली घाण बाहेर टाकायची. म्हणून मांजराचं मूत्र दाट आणि त्याचा वास उग्र. त्यातल्या युरियाचा जंतूंमुळं अमोनिया होतो आणि नाकात झिणझिण्या येतात. मऊ भुसभुशीत जमीन उकरायची, काम उरकायचं, वर माती ओढायची, ही सवय पिल्लाला कुणी शिकवावी लागत नाही. ती रक्तातच असते. म्हणून बारीक, मऊ, वाळूसारखं आणि वास नसलेलं जे असेल ते बहुतेक मांजरांना आवडतं. आपल्याला आवडणारा गुलाबाचा किंवा लव्हेंडरचा सुगंध त्यांच्या नाकाला त्रासच देतो. दुकानात सुगंधी पाकीट पुढं केलं गेलं, तेव्हा ते मी परत ठेवलं. तो वास माणसासाठी होता.

सुरुवात फुकटच्या सल्ल्यांपासून झाली. शेजाऱ्यांनी वाळू सुचवली. हल्ली बांधकामावर नदीची वाळू कमी आणि क्रश सँडच जास्त दिसते. ती दगड फोडून केलेली, कण टोकदार, आणि सोबत भरपूर पूड. साधी वाळू ओली झाली की ओलीच राहते. मूत्र खाली तळाशी साचतं आणि दोन दिवसांत सगळं ट्रे पालटायची वेळ येते. राख हा जुना उपाय. पण राख हवेत उडते, पायाला चिकटते, आणि ओली झाली की तिचं पाणी खारट तिखट होतं. पूर्वी बायका त्याच गुणामुळं राखेनं भांडी घासत. रोज पंजे चाटणाऱ्या जनावराला ते कसं चालेल? वखारीतला भुसा हलका आणि स्वस्त, पण त्यात प्लायवूडचा, म्हणजे डिंक-रसायनांचा भुसा किती आहे हे वखारवालाही सांगू शकत नाही. आमच्याकडं कारखाने उसाचे, त्यामुळं एकानं बगॅस आणून द्यायची तयारी दाखवली. यावर मात्र अब्बाच उठून बसले. साठवलेल्या बगॅसला बुरशी धरते, आणि त्या धुळीनं फुप्फुसाचा जो आजार होतो त्याला नावच 'बगॅसोसिस' आहे. बगॅस दारातूनच परत गेलं.

मग दुकानातल्या तयार मालाकडं वळलो. दुकानदार त्याला 'लिटर' म्हणतो. मी घरात सांगितलं, "दहा किलोचं लिटर आणलंय." अब्बांनी चष्म्यावरून बघितलं. "दहा किलो का दहा लिटर? एक काय ते ठरव." घरात पुढं आठवडाभर तो विनोद चालला.

या लिटरचा इतिहास मोठा मजेशीर आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात एड लो नावाचा माणूस वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांच्या फरशीवर सांडलेलं तेल टिपून घेण्यासाठी भुसा, दाणेदार माती असला माल ते विकत. १९४७ च्या हिवाळ्यात शेजारची एक बाई मांजरासाठी वाळू मागायला आली. ती आधी राख वापरत होती आणि घरभर काळे पंजे उमटत होते. लोनं तिला वाळूऐवजी त्या शोषक मातीची पिशवी दिली. तिला ती इतकी पसंत पडली की लोनं पिशव्यांवर 'किटी लिटर' लिहून त्या विकायला सुरुवात केली. त्याआधी शहरातली मांजरं बहुतेक घराबाहेरच राहायची. या मातीनं त्यांना दिवाणखान्यात आणलं. ती माती कोणती? इंग्रजीत फुलर्स अर्थ, आपल्याकडं मुलतानी माती. लग्नाआधी मुली तोंडाला लावतात तीच जातकुळी.

पुढं १९८० च्या दशकात बेंटोनाइट आलं. ही मातीही आपल्याकडं भरपूर आहे, कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरला. तिचा गुण असा की पाणी लागलं की ती फुगते आणि त्या जागेपुरता घट्ट गोळा बनवते. चाळणीसारख्या झाऱ्यानं तो गोळा उचलला की खालची माती कोरडी, स्वच्छ. मी आणलेली पहिली गोणी याचीच होती. अब्बांनी गोणीवरचं नाव वाचलं आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसले.

"अरे, ही तर आमच्या मोल्डिंगची माती!"

खरंच होतं ते. फौंड्रीत साचा घालायची वाळू बांधून धरते ती बेंटोनाइटच. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि मोजकं पाणी. मूठ दाबून उघडली की बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले पाहिजेत, ही त्यांची परीक्षा. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली, दोन थेंब पाणी टाकलं, गोळी केली आणि म्हणाले, "माल चांगला आहे." मग गोणी ट्रेमध्ये ओतताना उठलेला पांढरा ढग त्यांनी पाहिला, रुमाल नाकाला लावला आणि न बोलता आतल्या खोलीत गेले.

बादशाला मात्र ती माती जिवापाड आवडली. पहिल्याच दिवशी आत उतरला, पुढच्या पंजांनी खड्डा केला आणि काम झाल्यावर पाच मिनिटं माती ओढत बसला. दुसऱ्या कुणाच्या घरी मी इथंच थांबलो असतो. बारीक, वास नसलेलं, गोळा बांधणारं बेंटोनाइट बहुतेक मांजरांसाठी उत्तमच. पण या मातीत थोडीफार स्फटिकरूप सिलिका नैसर्गिकपणेच असते, आणि फौंड्रीच्या धुळीत अब्बांनी आयुष्यभर तीच तर ओढली होती. निरोगी माणसाला ट्रे भरतानाची एवढी धूळ कदाचित जाणवणारही नाही. अब्बांच्या खोलीत रोज दोनदा मांजर जेव्हा ती उकरणार, तेव्हा हिशेब वेगळा होतो.

पुढचे तीन आठवडे मी वेगवेगळे प्रकार छोट्या पाकिटांत आणले आणि दोन ट्रे शेजारी ठेवून बादशाचं मत घेतलं. मांजर मत पायानं देतं.

सिलिका जेलचे पारदर्शक खडे आणले. बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी असते, त्यातलाच पदार्थ. धूळ जवळजवळ नाही आणि वास महिनाभर धरून ठेवतात म्हणतात. बादशानं एक पाय ठेवला, खडे करकरले, पाय झटकून तो बाहेर आला. खडे मूत्र पिऊन घेतात पण गोळा करत नाहीत, म्हणजे दिवसात किती वेळा आणि किती झालं हे कळायला मार्ग नाही. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते पुढं सांगतो.

पाइनच्या लाकडाच्या कांड्या आणल्या. स्वस्त, वास छान, ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो आणि चाळणीच्या ट्रेमधून खाली पडतो. पण कांड्या पेन्सिलीएवढ्या जाड. बादशा उभा राहून विचार करत राहिला आणि शेजारच्या ट्रेमध्ये गेला.

शेवटी टोफू लिटर. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या बारीक शेवया. त्यात स्टार्च आणि गवाराचा डिंक असतो, म्हणून गोळा बांधतो. धूळ फारच कमी. मी सगळ्यात बारीक, बिनवासाचं घेतलं. बादशा आत गेला, हुंगलं, एकदा उकरलं आणि बसून राहिला. पसंती नव्हती, पण नकारही नव्हता. आमच्या घरात लग्नं अशाच उत्तरावर जमली आहेत.

मांजराला एकदम नवी माती दिली तर ते दुसरी जागा शोधतं, आणि ती जागा गादी असू शकते. म्हणून बाल्कनीत ट्रे ठेवला, तीन भाग बेंटोनाइट आणि एक भाग टोफू. मिसळायचं काम अब्बा असरला मशिदीत गेले की करायचं, दार लावून, तोंडाला फडकं बांधून. दर चार-पाच दिवसांनी टोफूचं माप वाढवत गेलो. महिन्याभरात माती संपली आणि शेवया राहिल्या. बादशानं एकदाही ट्रे चुकवला नाही.

आता अम्मीचा प्रश्न. बाई पाच वेळची नमाजी. मांजर घरात फिरतं याबद्दल तिला कधीच अडचण नव्हती. अबू कतादा वुजू करत असताना मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं, आणि त्यांच्या सुनेनं, कबशानं, नवलानं बघितल्यावर सांगितलं की रसूलुल्लाह मांजराला नापाक समजत नसत, ते तुमच्यात वावरणारंच आहे. अबू दाऊदच्या संग्रहातली ही हदीस अम्मीला तोंडपाठ आहे. पण मांजर पाक आणि त्याचं मूत्र नापाक, याबद्दलही तिची खात्री तेवढीच पक्की. पंजाला चिकटलेला कण जानमाजपर्यंत आला तर? प्रश्न रास्त होता. बारीक मातीचा हाच दोष, ती मांजराच्या बोटांच्या केसांत अडकून घरभर जाते. शेवया त्या मानानं जड आणि मोठ्या. ट्रे कडा उंच असलेला घेतला, बादशाच्या लांबीच्या दीडपट. त्यात सुमारे तीन इंच थर. बाहेर भोकाभोकांची रबरी चटई अंथरली, पंजे तिच्यावरच झटकले जातात. जानमाज घडी घालून कपाटात. अम्मीनं आठवडाभर फरशीवर पांढरं फडकं फिरवून तपासलं आणि मग विषय बंद केला.

बहिणीचा प्रश्न सगळ्यात गंभीर, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त अर्धवट बोललं जातं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण पूर्ण गोष्ट अशी : मांजर ही बीजं साधारण आयुष्यात एकदा, पहिल्या लागणीनंतरच्या दोनेक आठवड्यांत टाकतं. उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्लं तरच बहुधा त्याला लागण होते. आणि टाकलेलं बीज लगेच संसर्ग करत नाही, त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ होत असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. गरोदर बाईनं ट्रेला हात लावायचा नाही, दुसऱ्यानं रोज साफ करायचा, मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही आणि या काळात नवं मांजर आणायचं नाही. मांजर घराबाहेर काढावं असं बहिणीच्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. उलट त्यांनी विचारलं, "घरी कच्चं मटण कोण कापतं?" हाच परजीवी कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. आमच्यासारख्या घरात, बकरी ईदच्या दिवसांत तर विशेष, बादशापेक्षा सुरी आणि पाट यांच्याकडं लक्ष द्यायला हवं होतं. त्या दिवसापासून मटण कापणं आणि ट्रे उचलणं ही दोन्ही कामं माझ्याकडं.

म्हणून सकाळी फज्रनंतर एकदा आणि रात्री इशाच्या आधी एकदा मी झारा घेऊन बाल्कनीत बसतो. गोळे कागदात गुंडाळून पिशवीत, पिशवी घंटागाडीत. पाकिटावर 'संडासात टाकता येतं' असं लिहिलेलं असतं. मी टाकत नाही. जुन्या इमारतीचे पाइप चोथ्यानं तुंबू शकतात, आणि त्या परजीवीची बीजं सांडपाण्याच्या प्रक्रियेतही सहज मरत नाहीत. पावसाळ्यात टोफूला ओल लागून बुरशी धरते, किडेही होतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. डबा पूर्वी तांदळाचा होता. अम्मीनं तो दिला, हेच मी तिची परवानगी समजलो.

या रोजच्या कामानं एक गोष्ट दिली. सकाळचे गोळे मी न ठरवताच मोजायला लागलो होतो : दोन किंवा तीन, लिंबाएवढे. बहीण घरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. एका रात्री झारा फिरवला तर फक्त दोन गोळे, शेंगदाण्याएवढे. बादशा ट्रेमध्ये जाऊन बसत होता, बाहेर येत होता, पुन्हा जात होता. कुणालाही वाटलं असतं की बद्धकोष्ठ आहे. पण बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती खड्यानं किंवा चिकट गाळानं बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि मूत्र येत नाही, हे दिसल्यावर सकाळची वाट बघायची नसते. रात्री साडेदहाला त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, मूत्राशय घट्ट झालं होतं. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. तीन दिवसांनी तो घरी आला, अर्ध्या वजनाचा आणि दुप्पट रागाचा. तेव्हापासून त्याला ओलं खाणं आणि दोन जागी पाणी.

त्या ट्रेमध्ये करकरणारे खडे असते तर शेंगदाण्याएवढा गोळा मला दिसला नसता. लिटर निवडताना किंमत, वास, धूळ सगळं बघावं. पण त्यातून मांजराची तब्येत वाचता येते का, हेही बघावं. मुकं जनावर डॉक्टरला काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीनं ट्रे सांगतो.

तुमच्या घरी धुळीचा त्रास कुणाला नसेल, तर साधं बिनवासाचं बेंटोनाइट घ्या, स्वस्तही पडेल आणि मांजर खूश राहील. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असेल आणि सगळं तोंडात घालत असेल, तर गोळा बांधणारी माती काही आठवडे टाळा. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे ठेवा. ट्रे खाण्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा, आपणही संडासात जेवत नाही. आणि कोणताही प्रकार घ्या, रोज उचलणारा माणूस आधी ठरवा. त्याच्याविना सगळी पाकिटं सारखीच.

बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत एका बाईची हदीस आहे. तिनं मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे खाऊन जगायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती अजाबास पात्र ठरली. लहानपणी मदरशात ही हदीस ऐकली तेव्हा मला त्यात फक्त भूक दिसायची. आता त्यातली जमीनही दिसते. जनावराला चार भिंतींत आणलं की जमीन त्याला जे देत होती ते सगळं आपल्या अंगावर येतं, आणि त्यात खाण्याइतकंच उकरायला मिळणंही येतं. ते त्याचं हक्काचं आहे, आपली मेहेरबानी नाही.

भाची आता तीन महिन्यांची आहे, तब्येतीनं ठणठणीत. अब्बांचा पंप पूर्वीपेक्षा जास्त लागत नाही. आणि नव्या घराचा नकाशा आला तेव्हा अम्मीनं फक्त एकच दुरुस्ती सुचवली : मागं चार फूट जागा फरशीविना सोडा.